मूक वेस्टर्नपट कसे बघावेत आणि त्यांतलं काय जमवावं

वेस्टर्नपट म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या काउबॉय आणि दरोडेखोरांच्या गोष्टी सांगणारे चित्रपट. सुरुवात दिग्दर्शक एडविन पोर्टरच्या १९०३ सालच्या 'द ग्रेट ट्रेन रॉबरी'पासून करा. जेमतेम बारा मिनिटांचा चित्रपट. त्यात एक दरोडेखोर थेट आपल्यावर पिस्तूल रोखून गोळी झाडतो. हा तुकडा आधी दाखवायचा की शेवटी, हे चित्रपट काढणाऱ्या एडिसन कंपनीने खेळ लावणाऱ्यांवर सोपवलं होतं. तुमच्या प्रतीत तो कुठे येतो, ते बघा.

पण प्रत निवडताना वेग नक्की तपासा. तेव्हा कॅमेऱ्याचं हँडल हाताने फिरवत. सेकंदाला साधारण १६ ते २० चौकटी (फ्रेम) पडत. तीच फिल्म २४च्या वेगाने चालवली की माणसं तुरुतुरु पळतात आणि जुन्या नटांना अभिनय येत नव्हता असं वाटू लागतं. तो त्यांच्यावर अन्याय आहे. म्हणून अभिलेखागाराने नीट दुरुस्त केलेली प्रतच घ्या.

मग वेस्टर्नपटांचा नट विल्यम हार्टकडे वळा. आधी 'हेल्स हिंजेस' (१९१६), नंतर 'टम्बलवीड्स' (१९२५). त्यातली जमिनीवर हक्क सांगण्यासाठी सुटलेल्या घोडे-गाड्यांची धाव मोठ्या पडद्यावर बघा. १९३९ साली हा चित्रपट पुन्हा आला, तेव्हा म्हाताऱ्या हार्टने सुरुवातीला स्वतःच्या आवाजात प्रेक्षकांचा निरोप घेतला. ते मनोगत मात्र शेवटी ऐका. चित्रपट बघून झाल्यावर त्याचा कंठ का दाटला, हे कळतं.

काउबॉयच्या भूमिका करणारा नट टॉम मिक्स आणि त्याचा घोडा टोनी यांचे चित्रपट शोधाल, तर फार थोडे हाती लागतील. १९३७ साली न्यू जर्सीतल्या लिटल फेरी इथे फॉक्स या चित्रपट कंपनीच्या गोदामाला आग लागली आणि नायट्रेटची, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मची, रिळं जळून गेली. म्हणूनच संग्राहक लॉबी कार्डांच्या, म्हणजे चित्रपटगृहात जाहिरातीसाठी लावल्या जाणाऱ्या छापील चित्रांच्या, मागे असतात. काही चित्रपटांची तेवढीच खूण उरली आहे.

कार्ड घेताना मोजपट्टी लावा: बहुतेक कार्डं ११ गुणिले १४ इंचांची असतात. घडी आणि टाचणीच्या भोकांवरून बोट फिरवा. दिसतात पण हाताला लागत नाहीत, तर ती छापलेली आहेत, म्हणजे कार्ड नक्कल आहे. अस्सल कार्ड लॅमिनेट कधीच करू नका. आम्लविरहित कागदात, उन्हापासून दूर ठेवा आणि पावसाळ्यात भिंतीला टेकवू नका. नायट्रेटचं रीळ मिळालं तर घरात न ठेवता अभिलेखागाराला कळवा. ते पेटलं की पाण्यानेही विझत नाही.