आधी घड्याळ, मग डिस्क

माझी पहिली नोकरी फोंड्यातल्या एका छोट्या ऑफिसात. दोन सर्व्हर, एक यूपीएस आणि सांभाळायला मी एकटा. पहिली तक्रार आली ती वेळेची: हजेरीचं मशीन ९ वाजल्याचं दाखवतं, सर्व्हर ९ वाजून २ मिनिटं. मी वेळ हातानं मागे घेतली आणि मोकळा झालो. दुपारी हिशेबात नंतरची पावती आधीच्या वेळेची दिसू लागली. तिथले सीनियर म्हणाले, "चालत्या सर्व्हरचं घड्याळ मागे ओढू नकोस रे. ते का पळतं ते बघ."

क्वार्ट्झचं घड्याळ थोडं चुकतंच. दहा लाखांत ५० भागांची चूक धरली तर दिवसाला ४.३ सेकंद, महिन्याला दोन मिनिटांच्या वर. ही चूक सतत भरून काढायचं काम क्रोनी हा प्रोग्राम करतो. नेटवर्कवरच्या टाइम सर्व्हरला वेळ विचारून, घड्याळाची गती किंचित कमीजास्त करून, उड्या न मारता. आमच्याकडे क्रोनी चालू होता, पण त्याची स्थिती दाखवणाऱ्या 'क्रोनीसी सोर्सेस' कमांडमध्ये रीचच्या, म्हणजे किती विचारणांना उत्तर आलं त्या रकान्याखाली, शून्य. वेळेची विचारणा ज्या वाटेनं जाते ते यूडीपीचं १२३ पोर्ट फायरवॉलनं अडवलं होतं. ते उघडल्यावर आकडा ३७७ वर गेला (तो आठाच्या पायावर लिहिलेला असतो), म्हणजे शेवटच्या आठही विचारणांना उत्तर मिळालं. पुढे कधी वेळ नेमकी साडेपाच तासांनी चुकली तर क्वार्ट्झच्या क्रिस्टलला दोष देऊ नका. मदरबोर्डचं घड्याळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, आहे की भारतीय वेळेत, ते पाहा. आणि वीज गेल्यानंतर तारीखच मागे गेली, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला.

हे सगळं किती मोलाचं आहे ते जुलैत कळलं. रात्रभर वीज येत-जात होती, आणि सकाळी रेड ५ मधल्या चारपैकी दोन डिस्क बाहेर. रेड म्हणजे अनेक डिस्कची एकत्र मोट; रेड ५ एकच डिस्क गेलेली सोसतं. अशा वेळी शेवटी पडलेली डिस्क परत जोडायची असते. आधी पडलेल्या डिस्कवरचा डेटा शिळा. पण आधी कोणती पडली? ही मोट सांभाळणाऱ्या रेड कार्डाच्या नोंदी कार्डाच्या स्वतःच्या घड्याळाप्रमाणे, सर्व्हरच्या वेगळ्या. दोन्ही जुळवण्यात माझा अख्खा दिवस गेला. बॅकअप होता म्हणून निभावलं.

तेव्हापासून छोट्या ऑफिससाठी माझं मत पक्कं आहे: डिस्क नुसत्या जोडून देणारं साधं एचबीए कार्ड आणि रेड सॉफ्टवेअरनं सांभाळणारं लिनक्सचं एमडीएडीएम. प्रत्येक डिस्कवर 'इव्हेंट्स'चा आकडा असतो. जिचा आकडा मागे, ती आधी पडली. घड्याळाची साक्षच लागत नाही. कार्ड जळलं तर दुसऱ्या कुठल्याही एचबीएवर डिस्क चालतात. रेड कार्डच सांभाळत असेल, म्हणजे हार्डवेअर रेड, तर बहुधा त्याच घराण्यातलं कार्ड हवं, आणि आम्हाला ते मुंबईहून यायला आठवडा लागला होता. लिहायचा डेटा आधी स्वतःच्या मेमरीत घेणाऱ्या कॅशवाल्या रेड कार्डाचा वेग चांगला, हे खरं. पण त्याची बॅटरी म्हातारी झाली की कार्ड सहसा थेट डिस्कवर लिहू लागतं आणि सगळं मंदावतं.

डिस्क घेताना डेस्कटॉपची स्वस्त डिस्क टाळा. खराब सेक्टर वाचायला ती मिनिटभरही झगडते, लिनक्स सहसा ३० सेकंदच थांबतो, आणि बरी डिस्कसुद्धा बाहेर फेकली जाते. नाससाठीच्या (नेटवर्कवरच्या साठवणपेटीच्या) डिस्क साधारण ७ सेकंदांत माघार घेतात.

डिस्क बसते त्या ट्रेवर तिचा सीरियल नंबर लिहून चिकटवा. एसडीबी, एसडीसी ही लिनक्सनं डिस्कला दिलेली नावं रीबूटनंतर बदलू शकतात, आणि रात्री दोन वाजता टॉर्चच्या उजेडात चुकीची डिस्क ओढली जाते.