वेगवान बोटींची तुलना कशी करावी: वजन, माप आणि पाण्यावरची चाल

गेटवेहून मांडव्याला दुपारच्या वाऱ्यात स्पीडबोटीने गेलेल्या माणसाला ‘राइड’ म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. नाळेकडच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडच्या बाकावर बसलेला दर लाटेला हातभर उडतो आणि दाणकन खाली येतो. मागे इंजिनाजवळ बसलेला तेवढ्यात निवांत मोबाइल चाळत असतो. बोट तीच, लाटही तीच. म्हणून कुणी ‘अमुक बोट फार मऊ चालते’ असं सांगितलं की माझा पहिला प्रश्न असतो, तुम्ही बसला होतात कुठे?

मी राहतो अमेरिकेत, मिसुरी राज्यात. इथे लेक ऑफ द ओझार्क्स आहे, १९३१ साली पूर्ण झालेल्या बॅगनेल धरणाचं पाणी. नावाला तळं, अंगाने वळणावळणाची नदी. उन्हाळ्यातल्या शनिवारी मोठ्या क्रूझर बोटी जातात, त्यांच्या लाटा काठच्या काँक्रीटच्या भिंतींवर आपटून परत येतात आणि सगळं पाणी घुसळल्यासारखं होतं. तळ्यावर ३८ फुटी समुद्री बोटी कशाला, असं नव्या माणसाला वाटतं. एक शनिवार काढला की वाटेनासं होतं.

जुनी परफॉर्मन्स बोट, म्हणजे वेगासाठी बांधलेली बोट, घ्यायची म्हणून मी दोन माहितीपत्रकं शेजारी ठेवली आणि आकडे सरळ एकमेकांसमोर मांडले. तिथेच चुकलो. ते आकडे एका मापाचे नसतातच. आता ज्या क्रमाने तुलना करतो तो क्रम असा.

१. आधी पाणी ठरवा

फ्लोरिडातल्या मायामीहून बहामाजमधलं बिमिनी बेट सुमारे ८० किलोमीटर. मध्ये गल्फ स्ट्रीम हा उत्तरेकडे वाहणारा सागरी प्रवाह आहे. त्याच्यासमोर उत्तरेचा वारा आला की लाटा आखूड आणि उभ्या होतात. तिथे लागणारी बोट वेगळी आणि सकाळी आरशासारख्या पडलेल्या तळ्यावर लागणारी वेगळी. आपल्याकडच्या लाटेची उंची आणि दोन लाटांमधलं अंतर डोळ्याने अंदाजून कागदावर लिहा. पुढचा प्रत्येक आकडा त्या कागदाशी ताडायचा आहे.

२. लांबी टेपने मोजा

जाहिरातीतल्या ३२ फुटांत कधी पुढे आलेली नाळेची पट्टी असते, कधी मागचा पोहायला उतरायचा फलाट असतो. पाण्याला या दोन्हींचा उपयोग शून्य. आयएसओ ८६६६ या मानकात बोटीची कमाल लांबी आणि हलची, म्हणजे बोटीच्या मूळ अंगाची, लांबी वेगळी धरली आहे. आपल्याला दुसरी हवी. बोट ट्रेलरवर असताना नाळेच्या टोकाला ओळंबा लावा, जमिनीवर खडूने खूण करा. तसाच ओळंबा ट्रान्समला, म्हणजे मागच्या उभ्या भिंतीला. दोन खुणांमधलं अंतर मोजा. दहा मिनिटांचं काम आहे आणि त्यात दीड-दोन फूट सहज गळतात.

३. रुंदी दोनदा मोजा

एकदा वर, सर्वांत रुंद जागी. ही ट्रेलर आणि रस्त्यासाठी. अमेरिकेतल्या महामार्गांवर साडेआठ फुटांपेक्षा, म्हणजे २.५९ मीटरपेक्षा रुंद काही ओढायचं तर बहुतेक ठिकाणी वेगळा परवाना लागतो. दुसरं माप खाली, चाइनपाशी. तळ आणि बाजू जिथे मिळतात ती कडा म्हणजे चाइन. वेगात बोट ज्यावर चालते ती रुंदी हीच, आणि माहितीपत्रकात ती बहुधा नसते.

रुंदीवरून बोटीचा स्वभाव किती बदलतो याची दोन टोकं बघा. सिगारेट या बोटी बांधणाऱ्या कंपनीची टॉप गन ३८ फूट लांब, पण जेमतेम ८ फूट रुंद. जुनी बर्ट्रम ३१ फूट लांब आणि ११ फुटांहून रुंद. पहिली सुरीसारखी, दुसरी मासेमारीला उभं राहायला ऐसपैस.

४. वजन काट्यावर घाला

सर्वांत जास्त फसवणूक इथे होते, आणि दर वेळी कुणी मुद्दाम करतं असंही नाही. ‘ड्राय वेट’ म्हणजे कोरडं वजन, पेट्रोल-पाण्याशिवायचं. पण आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेर इंजिन टांगलेल्या, बोटीच्या या आकड्यात बरेचदा इंजिनं धरलेली नसतात, कारण ती गिऱ्हाईक निवडतं. स्टर्नड्राइव्ह बोटीचं इंजिन पोटात असतं, म्हणून ते बहुधा धरलेलं असतं. आता हे दोन आकडे शेजारी ठेवून काय कळणार?

एक हिशेब करू. आकडे उदाहरणादाखल आहेत. बोट ‘अ’ आउटबोर्ड, पत्रकावर २,९५० किलो. बोट ‘ब’ स्टर्नड्राइव्ह, ३,६५० किलो. ‘अ’ ७०० किलो हलकी दिसते. आता तिच्यावर ३०० अश्वशक्तीची दोन इंजिनं चढवा. आजचं असं इंजिन साधारण २४० ते २७० किलोचं असतं, आपण २५० धरू. झाले ५००. बॅटऱ्या, पाण्यातले पंखे (प्रोपेलर), तेल, जोडणीचं सामान मिळून १००. ‘ब’च्या आकड्यात हे सगळं आधीच आहे. मग दोघींत सारखंच घाला: पेट्रोल ३७५ लिटर, लिटरला सुमारे ७४० ग्रॅम या हिशेबाने २७८ किलो. चार माणसं ३२० किलो. नांगर, साखळी, दोर, लाइफ जॅकेट, बर्फाची पेटी मिळून १००. बेरीज करा: ‘अ’ ४,२४८ आणि ‘ब’ ४,३४८. सातशेचा फरक शंभरावर आला.

जाता जाता, मर्क्युरी या इंजिन कंपनीचं ६०० अश्वशक्तीचं व्ही-१२ आउटबोर्ड एकटंच सुमारे ५७० किलोचं आहे. अशी दोन-तीन मागे टांगली की बोट कुठे तरंगणार हे नकाशावर नव्हे, ट्रान्समवर ठरतं.

बोट जुनी असेल तर कागदी हिशेबही सोडून द्या. फायबरग्लासच्या आत जुन्या बोटींत प्लायवुड, बाल्साचं हलकं लाकूड किंवा फोम असतो. एखाद्या स्क्रूच्या भोकातून वर्षानुवर्षं पाणी झिरपतं आणि आतलं लाकूड ते पिऊन बसतं. मी बघायला गेलेली एक २८ फुटी बोट काट्यावर विक्रेत्याच्या आकड्यापेक्षा ३४० किलो जास्त भरली. टाकी तर जवळपास रिकामी होती. रबरी हातोडीने ट्रान्सम ठोकला तर टणटण वाजायच्या जागी ओल्या मडक्यासारखा बद्द आवाज आला. गृहस्थ म्हणाले, “मला हे ठाऊकच नव्हतं.” असेलही.

तोलायची रीत अशी. ट्रकवाल्यांच्या काट्यावर गाडी, ट्रेलर आणि बोट एकदम तोला. मग बोट पाण्यात सोडा आणि तीच गाडी, तोच रिकामा ट्रेलर, तितक्याच पेट्रोलवर पुन्हा तोला. वजाबाकी म्हणजे बोट. नुसता ट्रेलर काट्यावर उभा करू नका, कारण जोडलेल्या ट्रेलरचा काही भार गाडीच्या हुकावर जातो. आणि ट्रेलरच्या पाटीवरचा मोठा आकडा म्हणजे त्याचं रिकामं वजन नव्हे. भारासकट तो किती पेलू शकतो याची ती मर्यादा असते. तो आकडा वजा करून बोट पिसासारखी हलकी ठरवणारे मी पाहिले आहेत.

५. वजन रुंदीशी जोडा

जड बोट वाईट, हलकी चांगली, असा एक समज आहे. शांत पाण्यात तो बराचसा खरा आहे. लाटांत उलटा पडतो. हलकी आणि रुंद बोट पाण्यावर पत्र्यासारखी आपटते, तर जड आणि अरुंद बोट लाट कापून आत शिरते.

हे आकड्यात बसवायची युक्ती डॅनिएल साविट्स्की यांच्या १९६४ सालच्या कामात सापडते. पाण्यावर उचलून धावणाऱ्या तळांचं गणित त्यांनी मांडलं, आणि डिझायनर मंडळी अजून त्यावर चालतात. त्यातला एक गुणांक आपल्यालाही काढता येतो: बोटीचं टनांतलं वजन भागिले चाइनच्या रुंदीचा घन, आणि समुद्राच्या पाण्यासाठी पुन्हा भागिले १.०२५. वजन ४.२५ टन आणि चाइन २.४ मीटर असेल तर उत्तर ०.३० येतं. तितक्याच वजनाला चाइन २.१ मीटर असेल तर ०.४५. रुंदीत एक फूट कमी आणि भार दीडपट! घनाची ही करामत. दुसरी बोट लाटांत मऊ चालेल, पण पाण्यावर उचलायला जास्त जोर मागेल आणि धक्क्याला उभी असताना एका बाजूला चौघं बसले की कलेल.

६. वेगाच्या बढाया तपासा

जॉर्ज क्राउच यांचं जुनं सूत्र इथे पुरतं. अश्वशक्तीला पाउंडांतल्या वजनाने भागा, वर्गमूळ काढा, त्याला गुणांकाने गुणा. तासाला मैल मिळतात. साध्या रनअबाउटला, म्हणजे छोट्या उघड्या मोटारबोटीला, गुणांक १५०, वेगवान बोटीला १९०, शर्यतीच्या बोटीला २१०च्या आसपास. गुणांक २०० धरला तर १०,००० पाउंडांची आणि १,००० अश्वशक्तीची बोट ६३ मैल गाठते. तिचं वजन हजार पाउंड उतरवलं तर ६७ मैलांच्या जरा अलीकडे. दहा टक्के वजनाला जेमतेम पाच टक्के वेग! वजन कमी करायला बाकांच्या गाद्या काढून ठेवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं. आणि कुणी ७५ मैल सांगत असेल तर त्या बोटीचा गुणांक किती निघतो ते उलट काढून बघा.

७. तळाचा कोन स्वतः मोजा

तळ मधल्या रेषेपासून बाजूला किती वर चढतो, तो कोन म्हणजे डेडराइज. १९६० साली मायामी ते नसाऊ शर्यतीत, खवळलेल्या समुद्रात, डिक बर्ट्रम यांनी ‘मॉपी’ नावाची लाकडी बोट पळवली आणि जिंकली. तिचा तळ रे हंट यांनी काढलेला होता, थेट ट्रान्समपर्यंत सुमारे २४ अंशांचा खोल व्ही. तोवर वेगवान बोटींचा तळ मागे जाता जाता चपटा होत असे. त्यानंतर डॉन अरोनाव यांच्या फॉर्म्युला, डॉन्झी, मॅग्नम, सिगारेट या सगळ्या बोटी त्याच वाटेने गेल्या.

मोजायला फोनमधलं पातळीमापक पुरे. ट्रान्समजवळ, तळावर पुढून मागे जाणाऱ्या उभ्या धारांच्या मध्ये, एक सरळ पट्टी तळाला टेकवा आणि तिच्यावर फोन धरा. उजवीकडे २२ आणि डावीकडे २६ आलं तर घाबरू नका, ट्रेलर कललेला आहे, सरासरी २४. मग दीड-दोन मीटर पुढे जाऊन पुन्हा मोजा, कारण लाट पहिल्यांदा आदळते ती पुढच्या भागावर.

तळाला आडव्या पायऱ्या असतील तर त्यांतून हवा तळाखाली शिरते, भिजणारा भाग घटतो आणि वेग वाढतो. त्याची किंमत वळणावर मोजावी लागते. मागचा भाग अचानक निसटून बोट गरकन फिरू शकते. जोडतळी कॅटमरान हे वेगळंच प्रकरण. दोन तळांमधल्या बोगद्यातली हवा तिला उचलून धरते. वेगात छोट्या लाटांवर ती गालिच्यावरून जाते, वेग उतरला की बोगद्याच्या छताला लाटा थपडा मारतात. तिची व्ही-तळाच्या बोटीशी एकाच वेगावर तुलना करू नका.

८. आता बसा

२०१७च्या मार्चमध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर पॉवरबोटींची शर्यत झाली, तेव्हा सगळ्या संघांना सारखीच बोट आणि सारखंच इंजिन होतं. दिसणारा फरक चालवणाऱ्याचा. बाजारात ते सुख नसतं, म्हणून निदान बाकीचं सारखं ठेवा: दोन्ही बोटी एकाच दिवशी, लागोपाठ, एकाच पाण्यावर, तितकंच पेट्रोल, तीच माणसं.

इंजिन बंद करणारा दोर मनगटाला बांधून मग निघा. २६ फुटांखालच्या बोटींना अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून हा कायदाच आहे. मोठ्या बोटीला कायदा नसला तरी पाण्यात पडलेल्या माणसाला पंखा तोच.

चौकोनी फेरी मारा: लाटेच्या तोंडावर, लाट पाठीशी, मग दोन्ही बाजूंनी. वेग जीपीएसवर बघा, तासाला ३० मैल, मग ४०, मग पाणी परवानगी देईल तितका. विक्रेता हटकून लाट पाठीशी घेऊन चालवतो. त्याला वळवायला सांगा. सर्वांत मोलाचा आकडा कुणी विचारत नाही: पाण्यावर उचललेली राहून बोट कमीत कमी किती वेगाने पळू शकते? वादळी दिवशी घरी यायचं ते त्याच वेगाने. २० मैलांवर टिकणारी बोट आणि २८ खाली गेली की नाक वर करून बसणारी बोट, यांत माझ्यासाठी वाद नाही.

नाक वरखाली डोलतं का बघा. ट्रिम, म्हणजे इंजिनाचा कोन, खाली करून थांबलं तर ठीक. वेग वाढला की बोट डाव्या-उजव्या कडेवर आलटून पालटून पडते का तेही बघा. तसं झालं तर हळूहळू वेग उतरवा, सुकाणूशी झटापट नको. वळण मोठं घ्या आणि वळणात अर्ध्यावर एकदम वेग सोडू नका, पायऱ्यांच्या तळाला तर कधीच नाही.

धक्के मोजायला फोनमधलं ॲप चालतं, फक्त फोन दोन्ही बोटींत त्याच जागी घट्ट बांधा. एकदा सुकाणूपाशी, एकदा पुढच्या बाकाशी. आणि सोबतच्या माणसांना परत येईपर्यंत काही बोलू देऊ नका. प्रत्येकाने आपलं मत कागदावर लिहायचं.

मी शेवटच्या दोन बोटी अशाच पळवल्या. फोनचे आकडे जवळजवळ सारखे होते आणि एक बोट चार मैल वेगवान होती. बायको दोन्हींत पुढच्या बाकावर बसली होती. वेगवान बोटीच्या कागदावर तिने एकच शब्द लिहिला होता, ‘मान’. आम्ही दुसरी घेतली.