स्वायत्तता आणि मनोविकार यांच्या संशोधनात उतरताना

मनोविकार आणि स्वायत्तता यांच्या संबंधावर तत्त्वज्ञानाच्या अंगाने संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला मी पहिल्याच भेटीत सुचवतो, की रुग्णाचा निर्णय त्याचा स्वतःचा आहे का, तो चांगला आहे का आणि त्यामागे आजार आहे का, हे तीन प्रश्न आरंभापासून वेगळे ठेवावेत. जळगाव-धुळ्याकडच्या कुटुंबांत दारू न सोडणाऱ्या माणसाला कधी नालायक, कधी आजारी म्हटले जाते, आणि या प्रत्येक शब्दामागे जबाबदारीविषयीची निराळी समजूत दडलेली असते.

वाचनाला अमेरिकी तत्त्वज्ञ हॅरी फ्रँकफर्ट यांच्या १९७१ च्या निबंधापासून सुरुवात करावी. दारूची ओढ असूनही ती ओढच आपल्याला नकोशी वाटणे, म्हणजे स्वतःच्या इच्छेविषयी इच्छा असणे, हे माणूसपणाचे लक्षण ते मानतात. पण तीव्र नैराश्यात ‘मी बरे होण्याच्या लायकीचा नाही’ ही धारणाच आजाराने घडवलेली असू शकते. मग ती त्या माणसाची स्वतःची म्हणायची का? माझे संशोधन याच प्रश्नापाशी सर्वाधिक काळ रेंगाळले, आणि तो काळ मला सर्वांत फलदायी वाटतो.

आजार कुठे संपतो आणि सद्गुण-दुर्गुणांचा प्रश्न कुठे सुरू होतो, हा मुद्दा कॅनडातील तत्त्वज्ञ लुई चार्लंड यांनी धारदार केला. समाजविघातक व्यक्तिमत्त्वविकाराच्या निकषांत खोटेपणा आणि पश्चात्तापाचा अभाव येतो. तेव्हा असे काही विकार मुळात नैतिक स्वरूपाचेच आहेत, असे त्यांचे म्हणणे. मला ते पूर्णपणे पटत नाही, परंतु त्याला बगल देऊन प्रबंध लिहिता येणार नाही.

याच्या जोडीला २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मुळातून वाचावा. इतरांना निर्णय चुकीचा वाटतो एवढ्यावरून त्या व्यक्तीची निर्णयक्षमता नाकारता येत नाही, असे चौथे कलम सांगते, तर समाजाच्या नैतिक मूल्यांशी न जुळणे हा आजार ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही, असे तिसरे. वर सांगितलेले तीन प्रश्न कायद्यानेही वेगळे ठेवले आहेत.

१९१६ साली स्थापन झालेली तत्त्वज्ञान मंदिर ही संशोधनसंस्था ज्या अमळनेरात आहे, तिथल्या आसपासच्या विद्यार्थ्याने या विषयासाठी पुण्या-मुंबईलाच गेले पाहिजे असे मी मानत नाही. रुग्णांशी बोलायचे असल्यास मात्र नैतिकता समितीची परवानगी आधी घ्यावी, आणि नातेवाइकांनी होकार दिला तरी रुग्णाला त्याची संमती स्वतंत्रपणे, त्याला कळणाऱ्या अहिराणीत किंवा मराठीत विचारावी.