व्हीआयए तपासणी शिकवताना वेळ कुठे घालवावा

गर्भाशयमुखात कर्करोग होण्याआधीचे बदल नुसत्या डोळ्यांनी ओळखायला नर्सला शिकवता येते. हीच व्हीआयए तपासणी: ॲसिटिक ॲसिड लावले की बदललेला भाग पांढरा दिसतो. साहित्य मोजकेच: स्पेक्युलम (योनीमार्ग उघडून धरणारे उपकरण), प्रखर पांढरा दिवा, कापसाचे बोळे, ५ टक्के ॲसिटिक ॲसिड. डोळा तयार व्हायला मात्र वेळ लागतो, आणि बहुतेक प्रशिक्षणांत काटकसर होते ती नेमकी तिथेच.

द्रावण प्रत्येकीने स्वतः मोजून करावे. ९५ मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये ५ मिली ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड, रोज ताजे, बाटलीवर टक्केवारी आणि तारीख. मूळ ॲसिडची बाटली तपासणीच्या खोलीत येऊच देऊ नका; पातळ न केलेले ॲसिड लागले तर योनीमार्ग भाजतो.

स्पेक्युलम बसल्यावर आधी ॲसिड न लावताच पाहायचे. स्राव हलकेच पुसून गुलाबी आणि लालसर आवरणांची सीमारेषा शोधायची. ती पूर्ण दिसत नसेल, तर ‘निगेटिव्ह’ लिहिणे धोक्याचे. पाळी थांबल्यावर ही रेषा बहुधा आत सरकते, म्हणून त्या वयात एचपीव्हीची, म्हणजे या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूची, चाचणीच बरी. मग भिजलेला बोळा टेकवून घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट थांबायचे. पंधराव्या सेकंदाला पाहिले, तर खरा डाग अजून नीट उमटलेला नसतो. बोळा घासला तर रक्त येते आणि काहीच कळत नाही.

दाट, अपारदर्शक, स्पष्ट काठाचा आणि सीमारेषेला चिकटलेला पांढरा डाग म्हणजे पॉझिटिव्ह. झिरझिरीत, काठ विरत गेलेला, पटकन मावळणारा पांढुरका थर बहुधा मेटाप्लेझियाचा, म्हणजे आवरणातल्या पेशींच्या निरुपद्रवी बदलाचा असतो. नाबोथियन सिस्टचे (स्राव साठून झालेल्या निरुपद्रवी गाठींचे) पिवळट फुगवटे आणि रेषेपासून दूर विखुरलेले ठिपके मोजायचे नाहीत. गाठ, व्रण किंवा हात लागताच रक्तस्राव दिसला, तर थेट तज्ज्ञांकडे.

हे व्याख्यानाने येत नाही. उत्तर झाकून फोटो दाखवा. प्रत्येकीने आपला निर्णय आधी लिहावा, चर्चा नंतर. नाहीतर पहिली जे बोलते त्याला बाकीच्या माना डोलावतात. मग मॉडेलवर सराव, आणि त्यानंतरच देखरेखीखाली प्रत्यक्ष तपासणी. पुढे दर महिन्याला प्रत्येकीचे पॉझिटिव्हचे प्रमाण शेजारी शेजारी मांडा. एकीचे २ टक्के आणि दुसरीचे २० निघाले, तर दोघींना तेच फोटो पुन्हा वाचायला बसवा.

जागतिक आरोग्य संघटना पहिली चाचणी म्हणून एचपीव्ही डीएनए सुचवते, तरी हा सराव वाया जात नाही. थर्मल ॲब्लेशन (उष्णतेने डाग नष्ट करणे) करता येईल का, हे गर्भाशयमुख बघूनच ठरते: डाग गर्भाशयमुखाच्या नलिकेत शिरलेला असेल किंवा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग व्यापत असेल, तर पुढे पाठवायचे.

‘पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नव्हे’ हे वाक्य नर्सच्या तोंडी बसू द्या, आणि बाई टेबलावरून उतरून कपडे सावरून बसल्यावरच ते बोलायला शिकवा. पुढे पाठवलेल्या बाईची तारीख आणि फोन नंबर त्याच वेळी वहीत उतरवा. ती तिथे पोहोचली का, हे विचारायची जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीवर असावी.