चौदा बाय दहाच्या खोलीतील सुतारशाळा

साताऱ्यातील आमच्या घरामागची १४ फूट लांब आणि १० फूट रुंद अशी अडगळीची खोली रिकामी करून मी तेथे सुतारकामाची जागा केली, त्याला आता चार वर्षे झाली. नोकरीत कामाच्या टप्प्यांच्या आकृत्या संगणकावर काढण्याची सवय असल्याने लाकडाला हात लावण्याआधी खोलीचा आराखडा काढणे मला सोपे वाटले होते. पहिला आराखडा दिसायला सुबक होता, पण प्रत्यक्ष कामात तो टिकला नाही. तो कोठे चुकला आणि दुसरा कसा काढला, हे या छंदाकडे नव्याने वळणाऱ्यांसाठी लिहीत आहे.

पहिल्या आराखड्यात मी प्रत्येक यंत्रासाठी एक चौकोन काढला आणि सगळे चौकोन भिंतींना लावून ठेवले. मधली जागा मोकळी राहिली, याचेच समाधान वाटले. टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या फिरत्या पात्याची करवत, कोपऱ्याजवळ गेली, कारण प्लगची जागा तेथे होती. पात्यापासून समोरची भिंत चार फुटांवर आली. पहिल्याच आठवड्यात सागवानाची सहा फुटी फळी उभी चिरायला घेतली, तेव्हा चार फूट चिरून झाल्यावर फळीचे टोक भिंतीला टेकले आणि उरलेली दोन फूट फळी माझ्या हातात तशीच राहिली. पाते फिरतच होते, फळी जागच्या जागी थांबली होती, जळक्या सागवानाचा वास खोलीभर पसरला आणि चिरेच्या दोन्ही कडांवर काळे डाग उठले. मी बटण बंद केले आणि पाते पूर्ण थांबेपर्यंत फळी दाबून धरून उभा राहिलो. अशा वेळी फळी मागे ओढण्याचा मोह होतो आणि तोच सर्वांत धोक्याचा असतो.

आमच्या घराची दारे-खिडक्या ज्या मिस्त्रींनी केली, त्यांना मी तो आराखडा दाखवला. त्यांनी कानावरची पेन्सिल काढून टेबल सॉच्या चौकोनावर आडवी ठेवली, थोडी पुढे सरकवली आणि म्हणाले, "साहेब, यात मशीनं दिसतात, फळी कुठं दिसत नाही." दुसरा आराखडा त्या एका वाक्यावर उभा राहिला.

सॉफ्टवेअरबद्दल फार काळजी करू नये. मी लिब्रऑफिस ड्रॉ हा आकृत्या काढण्याचा प्रोग्राम वापरला, कारण तो विनामूल्य आहे आणि माझ्या हाताला बसलेला होता. ड्रॉ डॉट आयओ ब्राउझरमध्ये चालते आणि तेही या कामाला पुरते. महत्त्वाचे आहे ते प्रमाण. ड्रॉच्या सेटिंगमध्ये १:२० हे प्रमाण निवडले, की १४ फूट लांबी कागदावर सुमारे २१३ मिलिमीटर आणि १० फूट रुंदी सुमारे १५२ मिलिमीटर होते, म्हणजे संपूर्ण खोली आडव्या ए-फोर कागदावर समासासह बसते. आकार माउसने ओढून मोठा-लहान करू नये. तो निवडून एफ-४ दाबावे आणि लांबी-रुंदी आकड्यांत भरावी. अंदाजाने ओढलेल्या चौकोनात दोन-तीन इंच सहज इकडेतिकडे होतात आणि लहान खोलीत तेवढ्यावरच दार उघडणे किंवा न उघडणे ठरते.

मापे घेतानाही केवळ चार भिंती मोजून थांबू नये. दोन्ही कर्ण मोजावेत. ते समान नसतील तर खोली गुण्यात नाही, म्हणजे तिचे कोपरे काटकोनात नाहीत, असे समजावे. आमच्या खोलीच्या कर्णांत दोन इंचांचा फरक निघाला आणि भिंतीला लावायचे लांब टेबल त्यामुळे एका टोकाला तिरके बसले असते. खिडकीच्या कट्ट्याची उंची, दाराची उघडण्याची दिशा, छताखालची तुळई, प्लगच्या जागा, हे सारे पहिल्या थरावर (थर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखी ड्रॉमधली लेयर) काढून तो थर कुलूपबंद करून ठेवावा, म्हणजे पुढे यंत्रे हलवताना भिंती हलणार नाहीत.

यानंतरचा थर मी फळीसाठी ठेवला. ८ बाय ४ फुटांची प्लायची शीट १:२० मध्ये साधारण १२२ बाय ६१ मिलिमीटर होते. तेवढा एक पिवळा आयत काढला आणि तो प्रत्येक यंत्रावरून एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर असा सरकवून पाहिला. आठ फुटी फळी चिरायची तर पात्याच्या अलीकडे आठ फूट आणि पलीकडे आठ फूट जागा लागते. चौदा फुटांच्या खोलीत ती कोठून येणार? आयत सरकवताना उत्तर समोर आले: आखूड भिंतीतले तीन फुटी दार. पाते दाराच्या मध्यरेषेत घेतले, मागच्या भिंतीपासून साडेआठ फुटांवर ठेवले आणि चिरलेली फळी दारातून अंगणात जाऊ दिली. दार बाहेर उघडते, म्हणून हे जमले. अंगणात बाहेर आलेली फळी पेलायला रोलर स्टँड लागतो, तो काम संपल्यावर मिटून ठेवतो.

तीन फुटी दारातून चार फुटी शीट चिरत बाहेर नेता येणार नाही, हेही त्याच आयताने दाखवले. म्हणून पूर्ण शीट मी आधी अंगणातच थर्मोकोलच्या जाड तुकड्यांवर आडवी टाकून हातातल्या कटरने पट्टी लावून कापतो आणि दोन-अडीच फुटी तुकडे आत आणतो. मोठे यंत्र घेण्यापूर्वी हे समजले असते, तर मी लहान टेबल सॉवरच थांबलो असतो.

सॉच्या मागे, म्हणजे मी उभा राहतो त्या बाजूला, पात्याच्या रेषेत एक लाल पट्टा काढला आहे. पाते आणि गाइड (फळी सरळ सरकावी म्हणून पात्याशेजारी असलेली पट्टी) यांच्यात लाकूड अडकले, तर ते वेगाने याच दिशेने उलट फेकले जाते; याला किकबॅक म्हणतात. त्या पट्ट्यात मी स्वतः उभा राहत नाही, बाजूला राहतो, आणि मागच्या भिंतीच्या तेवढ्या भागावर काहीही टांगलेले नाही. दार समोर आल्याचा आणखी एक लाभ असा, की कोणी आत येऊ लागले तर ते मला दिसते. पूर्वी ते पाठीमागून येत असे.

वरून पाहिलेल्या आराखड्यात उंची दिसत नाही, हा त्याचा मोठा दोष आहे. आठ बाय चारची शीट जमिनीवर एका कोपऱ्यावर टेकवून आडवीची उभी करताना तिचा वरचा कोपरा आठ फूट अकरा इंचांपर्यंत जातो. आमचे छत साडेनऊ फुटांवर आहे, पण ट्यूबलाइट साडेआठ फुटांवर होती. एकेका भिंतीचे समोरून दिसणारे चित्र वेगळ्या पानावर काढले, तेव्हा ही अडचण लक्षात आली आणि दिवे छताला चिकटवून घेतले.

विजेचा थर इलेक्ट्रिशियनला छापूनच द्यावा. १८०० वॉटची सॉ २३० व्होल्टवर सुमारे ८ अँपिअर घेते, १४०० वॉटचा व्हॅक्यूम क्लीनर सुमारे ६ अँपिअर. दोन्ही एकाच वेळी चालतात आणि मोटर सुरू होताना ओढ याहून बरीच जास्त असते, म्हणून त्यांना स्वतंत्र एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की वीज तोडणारा स्विच) आणि १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट दिले, शिवाय विजेची गळती होताच पुरवठा तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली. एक्स्टेन्शन बोर्डावर ही यंत्रे चालवू नयेत.

भुशाकडे मी सुरुवातीला केवळ झाडलोटीचा विषय म्हणून पाहत होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवली आहे, हे वाचल्यावर व्हॅक्यूम क्लीनरकडे जाणाऱ्या धुळीच्या पाइपची वाट मी यंत्रांच्या जागेइतक्याच काळजीने आखली. पाइप जितका आखूड आणि वळणे जितकी कमी, तितकी ओढ चांगली राहते. म्हणून सॉ आणि रंधा मशीन शेजारी-शेजारी घेतले.

कामाचे टेबल उत्तरेकडच्या खिडकीखाली आहे, कारण तेथला उजेड दिवसभर सारखा राहतो. लाकडाची मांडणी पूर्वेच्या भिंतीला, जमिनीपासून सहा इंच वर आणि भिंतीपासून थोडी सुटी ठेवली आहे. पश्चिमेची भिंत पावसाळ्यात ओल धरते.

एवढे झाल्यावरही भिंतीला ड्रिल लावण्याआधी मी दोन दिवस थांबलो. खोली रिकामी असतानाच प्रत्येक यंत्राची बाह्यरेषा खऱ्या मापात फरशीवर खडूने काढली आणि आठ फुटी पट्टी हातात घेऊन दारातून आत, सॉवरून, रंधा मशीनकडे आणि टेबलापाशी असा फिरलो. रंधा मशीनपाशी पट्टीचे मागचे टोक खिडकीच्या गजाला लागले. परत संगणकाशी बसून ते यंत्र नऊ इंच सरकवले, फरशीवरचा खडू पुसून पुन्हा रेषा ओढल्या आणि मगच बोल्टची भोके पाडली.