जुन्या मसल कारचा कार्बोरेटर: निवड आणि ट्यूनिंग

1964 साली पॉन्टियॅकने मध्यम आकाराच्या गाडीत 389 घनइंचांचे व्ही-8 इंजिन बसवून जीटीओ ही मसल कार बाजारात आणली, तेव्हा ग्राहकाला एका चार-बॅरल (हवेच्या चार नळ्यांच्या) कार्बोरेटरचे, म्हणजे हवा व पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचे, 325 अश्वशक्तीचे इंजिन घेता येई किंवा ओळीने तीन दोन-बॅरल कार्बोरेटर असलेले 348 अश्वशक्तीचे. त्या तीन कार्बोरेटरांचे आकर्षण आजही ओसरलेले नाही, आणि 'जितका मोठा तितका चांगला' हा गैरसमजही बहुधा त्याच काळापासून टिकून आहे. जुनी अमेरिकन गाडी बाळगणाऱ्यांच्या बहुतेक तक्रारींचे मूळ मला या गैरसमजातच आढळले आहे.

कार्बोरेटरचे माप सीएफएममध्ये, म्हणजे एका मिनिटात किती घनफूट हवा त्यातून जाऊ शकते यावरून ठरते. आपल्या इंजिनाला किती हवा लागेल हे काढण्यासाठी इंजिनाच्या घनइंचांना कमाल आरपीएमने (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांनी) गुणावे आणि 3456 ने भागावे. शेव्हरोलेच्या 350 घनइंची इंजिनासाठी 5500 आरपीएम धरले तर उत्तर 557 येते. परंतु रस्त्यावरचे साधे इंजिन सिलिंडर पूर्ण भरून घेत नाही, म्हणून 0.85 ने गुणल्यावर खरी गरज 473 सीएफएमच्या आसपास उरते. अशा इंजिनाला 600 सीएफएमचा कार्बोरेटर पुरून उरतो. 1970 च्या शेव्हेलमधील 454 घनइंची, 450 अश्वशक्तीच्या एलएस6 इंजिनावरही कारखान्याने हॉली कंपनीचा 780 सीएफएमचा एकच कार्बोरेटर बसवला होता, हे येथे लक्षात ठेवावे.

माप वाजवीपेक्षा मोठे घेतले की व्हेंच्युरीतून (कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून) जाणाऱ्या हवेचा वेग कमी होतो, त्यामुळे पेट्रोल ओढणारा दाबातील फरक क्षीण होतो आणि पेट्रोलचे बारीक तुषार होण्याऐवजी जाड थेंब मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या नळ्यांत) पडू लागतात. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत आधीच्या मालकाने 350 इंजिनावर 850 सीएफएमचा कार्बोरेटर चढवला होता; सिग्नलवरून निघताना ती प्रत्येक वेळी बसायची, म्हणजे क्षणभर दम सोडायची, आणि स्पार्क प्लग काजळीने काळे होत असत. 600 चा कार्बोरेटर लावताच दोन्ही तक्रारी थांबल्या.

प्रकार निवडताना गिअरबॉक्स आणि गाडीचे वजन पाहावे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या जड गाडीला व्हॅक्यूमवर (इंजिनाच्या ओढीवर) उघडणाऱ्या सेकंडरीचा, म्हणजे जोर लागल्यावरच उघडणाऱ्या मागच्या बॅरलांचा, कार्बोरेटर योग्य, कारण तो इंजिनाच्या मागणीनुसारच उघडतो. मॅन्युअल गिअरची, हलकी आणि जास्त आरपीएमवर चालणारी गाडी असेल तरच यांत्रिक (थेट दांड्याने उघडणाऱ्या) सेकंडरीचा 'डबल पंपर', म्हणजे पेडल दाबताच पेट्रोल फवारणारे दोन पंप असलेला कार्बोरेटर, घ्यावा. कार्टर एएफबी या जुन्या कार्बोरेटरच्या धर्तीवरचे एडेलब्रॉक कंपनीचे कार्बोरेटर सोपे आहेत, कारण त्यांच्या मीटरिंग रॉड (पेट्रोलचे प्रमाण ठरवणाऱ्या सळया) वरचे झाकण न काढता बदलता येतात. जनरल मोटर्सच्या गाडीवर मूळचा रोचेस्टर क्वाड्राजेट कार्बोरेटर शाबूत असेल, तर तो फेकून देऊ नये असे माझे ठाम मत आहे: त्याच्या पुढच्या दोन लहान बॅरल रोजच्या वापरात पेट्रोल वाचवतात आणि मागच्या दोन मोठ्या बॅरल गरजेला भरपूर हवा देतात.

ट्यूनिंगला हात घालण्यापूर्वी इग्निशन टायमिंग (ठिणगीची वेळ) आणि हवेची गळती तपासावी, कारण या दोन्हींतील बिघाड हुबेहूब कार्बोरेटरच्या बिघाडासारखा दिसतो. इंधनाचा दाबही मोजावा. हॉलीला 5 ते 7 पीएसआय (दर चौरस इंचावर पाउंड) चालतो, एडेलब्रॉकला 6 च्या वर जाऊ देऊ नये. त्यानंतर गाडी सपाट जागी उभी करून फ्लोटची (कार्बोरेटरमधील पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी पाहावी. जुन्या हॉलीच्या बाउलला (पेट्रोलच्या भांड्याला) बाजूने एक लहान प्लग असतो. तो काढल्यावर पेट्रोल भोकाच्या खालच्या कडेशी टेकलेले असावे, बाहेर वाहू नये. हे करताना खाली कापड धरावे आणि अग्निशामक हाताशी ठेवावा.

आयडल (गाडी उभी असतानाची इंजिनाची मंद गती) जुळवण्यासाठी इंजिन पूर्ण गरम असावे आणि व्हॅक्यूम गेज मॅनिफोल्डला जोडलेला असावा. मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने तळाला टेकेपर्यंत आत घ्यावेत, दीड फेरी बाहेर सोडावेत आणि मग प्रत्येक स्क्रू अष्टमांश फेरीने फिरवत गेजचा काटा सर्वांत वर कोठे जातो ते शोधावे. स्क्रू फिरवूनही काहीच फरक पडत नसेल तर कार्बोरेटर उतरवून उलटा करावा. थ्रॉटलच्या पातीखाली दिसणारी ट्रान्सफर स्लॉटची (आयडलवरून वेग वाढताना पेट्रोल देणाऱ्या खाचेची) फट साधारण अर्ध्या मिलिमीटरची, म्हणजे जवळजवळ चौकोनी दिसायला हवी. ती लांबट दिसत असेल तर आयडलचा स्क्रू फार आत गेलेला आहे आणि इंजिन मिक्श्चर स्क्रूला वळसा घालून पेट्रोल ओढत आहे.

अ‍ॅक्सिलरेटर दाबताच गाडी बसत असेल तर इंजिन बंद करून, एअर क्लीनर काढून आत पाहावे आणि थ्रॉटल हाताने किंचित हलवावा. त्याच क्षणी दोन्ही नळ्यांतून पेट्रोलची धार सुटली पाहिजे. क्षणभर उशीर झाला तरी पंपाच्या दांड्यातील ढिलाई काढावी, मात्र थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर पंपाचा डायफ्रॅम दाबून गच्च होणार नाही इतकी, 0.015 इंचांची जागा राखावी.

मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारी भोके) सर्वांत शेवटी बदलावेत आणि एका वेळी दोनच नंबरांनी. एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सर बसवला तर अंदाजाचे काम उरत नाही: स्थिर वेगात हवा-इंधनाचे प्रमाण 14 च्या आसपास आणि पूर्ण थ्रॉटलला 12.5 ते 13 असावे. हॉलीचा पॉवर व्हॉल्व्ह (जोर लागताना जादा पेट्रोल सोडणारा) निवडताना गिअरमध्ये टाकून आयडलचा व्हॅक्यूम मोजावा आणि त्याच्या निम्म्या आकड्याचा व्हॉल्व्ह घ्यावा. 13 इंच (पाऱ्याचे) असेल तर 6.5 चा.

व्हॅक्यूम सेकंडरी उघडतात की नाही हे पाहण्यासाठी डायफ्रॅमच्या दांड्यावर, डायफ्रॅमच्या डबीच्या अगदी खाली टेकवून एक साधी पेपर क्लिप अडकवावी आणि मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर पूर्ण थ्रॉटल देऊन यावे. क्लिप खाली सरकलेली असेल तर सेकंडरी उघडल्या आहेत; जागची हललेली नसेल तर हलकी स्प्रिंग घालावी, आणि उघडताना गाडी अडखळत असेल तर जड.