ॲप डिलीट केलं तरी पैसे कटतच राहतात, आधी ऑटोपे बंद करा

आईच्या फोनवर कुठलंतरी योगाचं ॲप होतं, १ रुपयात ट्रायल म्हणून घेतलेलं, आवडलं नाही म्हणून तिने डिलीट केलं आणि विषय संपला असं वाटलं, पण दर महिन्याला खात्यातून २९९ जातच होते, चार महिन्यांनी पासबुक भरून आणलं तेव्हा कळलं. फार राग आला, कारण ॲपमध्ये कॅन्सलचं बटणच सापडेना.

तर ॲपवाल्या कंपनीच्या मागे लागायच्या आधी हे करा. ज्या यूपीआय ॲपवरून पहिला रुपया दिला ते उघडा, प्रोफाइलमध्ये ऑटोपे किंवा मँडेट (म्हणजे पैसे आपोआप कटायची परवानगी) असं काहीतरी दिसेल, त्यात चालू असलेले सगळे दिसतात, नको ते कॅन्सल करून यूपीआय पिन टाका, झालं. कंपनीला विचारायची गरज नाही, परवानगी आपण दिलेली असते आणि आपणच काढून घेऊ शकतो. प्ले स्टोअरवरून घेतलं असेल तर तिथल्या सबस्क्रिप्शन्समध्ये पण बघा.

आणखी एक, रिझर्व्ह बँकेच्या नियमाने असे पैसे कटायच्या किमान २४ तास आधी मेसेज यायला हवा, तो जाहिरात समजून उडवू नका, आईने तेच केलं होतं.

कॅन्सल मुद्दाम अवघड करणं हे २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या (म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ॲप-वेबसाइटच्या युक्त्यांच्या) नियमात 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' म्हणून बंद केलंय, त्यामुळे स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बिनधास्त तक्रार करा. आणि आज घरी गेल्यावर आईबाबांच्या फोनमधली ऑटोपेची यादी एकदा उघडून बघाच.